दुर्बीणबाईची शाळा

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्याने. तिलाही ते मनातून आवडायचं. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात चौदा वर्षं ती एकाच टेबलापाशी उभी होती. शिवून आलेला शर्ट पसरायचा, कॉलरपासून खाली नजर फिरवायची, उलटा करायचा, शिवणी ताणून बघायच्या आणि दोष दिसेल तिथे लाल बाणाचं एक चिमुकलं स्टिकर चिकटवायचं. सुटलेला टाका, तेलाचा ठिपका, केसभर सरकलेलं बटण. शर्ट दुरुस्तीला जायचा, दोष निघाला की बाण निघायचा. दिवसाला चारशे शर्ट. बाकीच्या बायका म्हणत, हिच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही, आणि सुटलीच तर लंगडत जाईल.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर उंच इमारतींमधल्या उभ्या, काळोख्या बोगद्यांत लोंबकळून यायचा आणि घरी आला की जमिनीवर पाय पसरून बसायचा. खुर्चीसुद्धा त्याला उंच वाटायची. बोलणं बेताचं. दोघांना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. तिला बिट्टी म्हणत.

बिट्टी तिसरीत गेली आणि रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. एकदा वर्गात मोठ्याने वाचताना ती एका जोडाक्षराला अडली, सगळा वर्ग हसला, आणि त्यानंतर तिने मोठ्याने वाचणंच सोडलं. खिडकीबाहेर बघत बसायची. शाळेतून तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा दुर्बीण अर्धी रजा टाकून गेली. वर्गशिक्षिका वाईट नव्हती, दमलेली होती. ती म्हणाली, "साठ मुलं आहेत हो. एकीकडेच किती बघणार?"

हे वाक्य दुर्बिणीच्या डोक्यात रुतून बसलं. साठांतला एक वाटा लक्ष मिळून पोर इथवर आली, मग सगळंच्या सगळं लक्ष मिळालं तर कुठे जाईल? हिशेब म्हणून त्यात काही चूक नव्हती. घरी शिकून बाहेरून परीक्षा देता येते, याची तिने चौकशी केली, नोकरी सोडायचं ठरवलं आणि सगळं ठरल्यावर नवऱ्याला सांगितलं.

त्याने एवढंच विचारलं, "बिट्टीला विचारलंस?"

"आठ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? शर्टाला विचारतं का कोणी, कॉलर कशी हवी म्हणून?"

तो हसला. आपण तेव्हा हसलो, हे पुढे त्याला बरीच वर्षं खुपत राहिलं.

तिची मोठी नणंद गावाच्या कडेला रोपवाटिका चालवायची. धाकटा मुलगा लहानपणी आजारी असायचा म्हणून तिने त्याला तीन वर्षं घरीच शिकवलं होतं. ती मुद्दाम येऊन सांगून गेली, की पहिले दोन महिने काहीही करू नकोस. एका कुंडीतलं रोप दुसऱ्या कुंडीत लावलं की ते काही दिवस मान टाकतं, तेव्हा खत घातलं तर मरतं. दुर्बिणीने हो ताई, हो ताई केलं. मनात म्हणाली, यांचा मुलगा आज यांच्याच रोपवाटिकेत माती चाळतोय, आणि या मला शिकवायला निघाल्यात.

शुक्रवारी शाळेतून नाव काढलं आणि सोमवारी सकाळी आठच्या ठोक्याला घरात शाळा भरली.

मागची खोली रिकामी केली होती. भंगारवाल्याकडून शाळेतला खराखुरा बाक आणला होता, दोघांचा, शाईचे डाग पडलेला. समोर फळा. भिंतीवर चार रंगांत वेळापत्रक, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या तासिका. तास संपला की वाजायला स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ. खिडकीतून रस्ता दिसायचा, म्हणून खालच्या काचांना खाकी कागद चिकटवला. पोर मागे पडली आहे, म्हणून पुस्तकं तिसरीची आणलीच, चौथीचीही आणून ठेवली. गणवेश जुन्याच शाळेचा, पण रोज इस्त्री केलेला. तीन वाजेपर्यंत गच्चीत, जिन्यात, दारात कुठेही जायचं नाही. कोणी बघितलं आणि विचारलं, आज शाळा नाही का गं, तर काय सांगणार?

आणि एक नियम. आठ ते तीन मी आई नाही. मला बाई म्हणायचं, अहो-जाहो करायचं. नाहीतर अभ्यासाला गांभीर्य राहत नाही.

कारखान्यातून निघताना सुपरवायझरने गमतीने तिला बाणांची दोन भेंडोळी भेट दिली होती. लाल शाईने वही खराब होते, म्हणून तिने तीच वापरायला काढली. जिथे चूक, तिथे बाण. चूक सुधारली की बाण काढायचा. पान स्वच्छ झालं की तास संपला.

पहिल्या पंधरवड्यात वहीची पानं लाल मुंग्या लागल्यासारखी दिसायची. बिट्टी रडायची नाही, हट्ट करायची नाही. खोडायची, लिहायची, नखाने बाण सोलून काढायची. दुसऱ्या महिन्यात एका पानावर पाच बाण, मग दोन. तिसऱ्या महिन्यात एकही नाही. दुर्बिणीने नवऱ्यासमोर वही टाकली. त्याने पानं उलटली, एका पानावर थांबला.

"अक्षर तुझ्यासारखं झालंय," तो म्हणाला.

तिला बरं वाटलं. नंतर एकटी असताना तिने परत वही उघडली. वरच्या ओळी तिने नमुन्यासाठी लिहिल्या होत्या, खालच्या बिट्टीने. तोच कल, क-ला तीच शेपटी. पानावर बोट ठेवून बघितलं तरी आपली ओळ कुठे संपते, हे तिला पटकन सांगता येईना.

घर शांत झालं होतं. पूर्वी बिट्टी दात घासताना, चप्पल शोधताना काहीतरी गुणगुणत असायची. ते कधी थांबलं, कोणाच्याच लक्षात आलं नाही. आता पाणी प्यायचं असलं तर बोट वर करायची. जेवायला बोलावलं की येऊन उभी राहायची, बस म्हटल्याशिवाय बसायची नाही. रविवारीसुद्धा. नवरा एकदा हळूच म्हणाला, "घरात पाहुणं आल्यासारखं वाटतं गं."

"शिस्त म्हणतात त्याला," ती म्हणाली.

शिवणकामाच्या तासाला ती कारखान्याच्या गोष्टी सांगायची, तेवढ्याच काय त्या गप्पा. एकदा बिट्टीने विचारलं, की जे शर्ट दुरुस्तच होत नाहीत त्यांचं काय करतात? दुर्बीण सुईत दोरा ओवत होती. वर न बघता तिने सांगितलं, की ते कापतात आणि त्यांच्या चिंध्या करतात, यंत्रं पुसायला. बिट्टीने मान डोलावली आणि टाका घालायला घेतला.

त्यानंतर काही दिवसांनी स्वयंपाकघरातल्या नळाच्या बुडाशी दुर्बिणीला एक बाण दिसला. तिने वाकून बघितलं. तिथे केसाएवढी बारीक चीर होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. एवढी वर्षं त्या नळाखाली भांडी घासली, पण चीर तिला दिसली नव्हती. तिने शेजारणीला कौतुकाने सांगितलं, की पोरीला माझी नजर आली.

मग बाण सापडतच गेले. कपाटाच्या लंगड्या पायावर. कपाच्या कानाला, जिथे तडा होता. दाराच्या मागे, जिथे रंगाखाली भिंत फुगली होती. एकही बाण चुकीचा नव्हता. तिने खण उघडून बघितलं, तर तिने कधीच न फोडलेलं दुसरं भेंडोळं अर्ध्यावर आलं होतं. तिने खण परत लावून टाकला. काय बोलणार? दोष तर सगळे खरेच होते.

एक दिवस नवरा कामावरून आला आणि हसत म्हणाला, की दिवसभर पाठीवर बाण घेऊन हिंडलो, शेवटी कामावरच्या जोडीदाराने काढला. तिने शर्ट उलटासुलटा करून बघितला. शर्टात काहीच नव्हतं. तो हातपाय धुवायला उघडाच उभा राहिला, तेव्हा तिला दिसलं, त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. हत्यारांची पिशवी अडकवून अडकवून झाला असेल. पण लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि तिच्यासारखीला ते कधी दिसलं नव्हतं.

आणि मग फोटो. बिट्टी चार वर्षांची असताना तिघांनी स्टुडिओत जाऊन काढलेला, बाहेरच्या खोलीत लावलेला. त्यात दुर्बिणीच्या स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्यावर, ओठांच्या कोपऱ्याशी बाण होता. तिने तो काढला, फोटो घेऊन मागच्या खोलीत गेली. दुपारचे साडेचार वाजले होते. शाळा सुटून दीड तास झाला होता, तरी बिट्टी बाकावरच बसली होती, हात मांडीवर ठेवून. बाकाच्या एका टोकाला, दुसऱ्या कोणासाठी जागा सोडल्यासारखी.

"हा तू लावलास?"

"हो बाई."

"इथे काय चुकलंय?"

बिट्टीने फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. मान जराशी डावीकडे कलती करून, एक डोळा बारीक करून. चौदा वर्षं शर्टांकडे आपण असंच बघत होतो, हे दुर्बिणीला त्या क्षणी समोरून दिसलं.

"तुम्हाला दिसत नाही?" बिट्टी म्हणाली.

"तीन वाजून गेलेत. आता आई म्हण."

"हो बाई."

त्या आठवड्यात दुर्बीण एकदा दुपारी सामान आणायला गेली आणि पाचला परतली. बिट्टीने दार उघडलं, बाजूला झाली, पाण्याचा पेला आणून दिला. नीट, सांडू न देता. मग समोर उभी राहून तिने विचारलं, "बाई, आई किती वाजता येते?"

पोर थट्टा करते आहे, असं तिला वाटलं. ती हसली, म्हणाली, अगं मीच की आई. बिट्टीही हसली. नुसते ओठ हसले. मोठ्यांनी काही वेडंवाकडं बोललं तर लहान मुलं हसतात ना मन राखायला, तशी. आणि मग ती बाहेरच्या खोलीत दाराकडे तोंड करून जमिनीवर जाऊन बसली. सात वाजता नवरा आला. बिट्टीने त्याच्या मागे जिन्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "आई तुमच्याबरोबर नाही आली?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. नंतर दुर्बीण म्हणाली, की दमली असेल, उद्या सुट्टी देते. सुट्टी देते, असंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बिट्टीला न्हाऊ घालायचं ठरवलं. चार-पाच महिने पोर दार लावून आपली आपण अंघोळ करत होती, आणि मुलगी स्वावलंबी झाली म्हणून आईने ते वेळापत्रकाच्या खाली हिरव्या शाईने लिहिलंही होतं. तिने फ्रॉक डोक्यावरून काढला.

बिट्टीच्या अंगावर बाण होते. गुडघ्यावरच्या जुन्या व्रणाशी. खांद्यावरच्या तिळापाशी. दोन्ही कानांमागे. कुरतडलेल्या नखांच्या बोटांवर एकेक, ते कालपरवाचे असावेत. पोटावर, जिथे शाळेच्या दिवसांत दुखायचं, तिथे तीन, एकमेकांशेजारी. काही इतके जुने, की पाण्याने कडा काळ्या पडून कातडीला चिकटल्या होत्या. आणि छातीच्या मधोमध एक, त्याचं टोक दुमडून आत दाबलेलं.

तिने तोंडाला येईल ते विचारलं. "हा इथे कशाला?"

"तो दोष आत आहे," बिट्टी म्हणाली. "कुठे आहे ते सापडत नाही. म्हणून अंदाजाने लावलाय." मग जरा थांबून, पुढचा तास कोणता हे विचारावं तसं तिने विचारलं, "बाई, मी दुरुस्तीत जाणार की चिंध्यांत?"

दुर्बीण ओल्या फरशीवर खाली बसली. मग उठून तिने तेलाची बाटली आणली. तेल आणि कोमट पाण्याने एकेक बाण मऊ करून काढायला तिला दुपार झाली. सवयीने ती मोजायला लागली आणि मध्येच थांबली. जिथून बाण निघाला तिथे कातडीवर फिकट बाण उरत होता. बिट्टी आपल्या हाताकडे असं बघत होती, जणू तो शेजारी बसलेल्या दुसऱ्याच मुलीचा हात आहे.

शेवटचा निघाला तेव्हा दुर्बीण म्हणाली, "माझं चुकलं गं."

"कुठे?" बिट्टीने विचारलं. अगदी खरं विचारलं, बोट ठेवून जागा दाखवली तर तिथे लगेच बघायच्या तयारीने. आईला जागा दाखवता आली नाही.

संध्याकाळी नणंद आली. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. दुर्बिणीने सगळं सांगितलं, नियम, वेळापत्रक, काचेवरचा कागद. नणंद ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तू पोरीला शाळेतून काढलंस गं, पण शाळा घरी घेऊन आलीस. आणि तिथे निदान साठ जण होते, नजर वाटली जायची."

नवऱ्याने पाना घेऊन बाक सुटा केला. त्या घरात त्या दिवशी तेवढाच आवाज झाला. खिडकीचा कागद निघता निघेना, कोपऱ्यांना खाकी तुकडे तसेच राहिले. उरलेलं भेंडोळं त्याने कुठे नेलं, ते तिने विचारलं नाही.

ठरलं ते असं. दुर्बीण अर्ध्या दिवसासाठी कारखान्यात परत जाणार, बिट्टी सकाळभर आत्याच्या रोपवाटिकेत, आणि शिकवणं बंद. पूर्ण बंद. दुर्बिणीला ते जड गेलं. पोर काही करत नाही, नुसती आहे, हे बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. परीक्षा बुडेल, वर्ष जाईल, लोक तोंडात शेण घालतील, या विचारांनी तिची झोप उडाली. नणंद रोज फोनवर म्हणायची, अजून थांब.

रोपवाटिकेत बिट्टी पहिल्या दिवशी फाटकाच्या आत आली आणि उभी राहिली. बस असं कोणी म्हणेल, याची वाट बघत. आत्याने म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही ती उभी, तिसऱ्याही. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जायची. आत्या कुंड्या भरताना स्वतःशीच बोलत असायची, आतेभाऊ माती चाळत असायचा, आणि ती ऊन-सावलीच्या जाळीखाली खांबासारखी. विसाव्या दिवशी आत्याने कारखान्यात फोन केला. दुर्बिणीला टेबलावरून बोलावून नेलं.

"बसली," नणंद म्हणाली. "आपली आपण. चिखलात."

आई ही हाक परत यायला अडीच महिने लागले. ती आली तीही न्हाणीघरातून. "आई, टॉवेल." दुर्बीण टॉवेल घेऊन दाराबाहेर पोचली आणि तिथेच उभी राहिली. आतून परत हाक आली, जरा वैतागलेली, तेव्हा कुठे तिचा हात पुढे झाला.

शिकणं मागच्या दाराने आलं. दोन भाग माती, एक भाग वाळू, अर्धा भाग खत, एवढ्यावरून अपूर्णांक आले. वडिलांबरोबर जाऊन लिफ्ट वर जाताना खाली येणारं तिचं उलटं वजन कसं चालतं ते तिने बघितलं आणि आठ दिवस घरात दोऱ्या-कप्प्या बांधून ठेवल्या. कुंड्यांवरच्या पाट्या ती लिहायला लागली, वेड्यावाकड्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घाचा खून करत. पहिल्यांदा ‘गूलाब’ वाचलं तेव्हा दुर्बिणीचे दोन्ही हात बाण शोधत आपोआप खिशाकडे गेले. तिने ते पाठीमागे धरून ठेवले. गुलाब विकला गेला. कोणी गिऱ्हाईक पाटी वाचून परत गेलं नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. बिट्टी एकोणीस वर्षांची आहे, बाहेरून परीक्षा देत देत पुढे आली, फार चमकली नाही आणि अडलीही नाही. तिचं अक्षर वाईट आहे आणि फक्त तिचं आहे. इमारतीतले, ओळखीतले आईबाप मुलाला घरी शिकवायचं म्हणाले की कोणीतरी त्यांना दुर्बिणीकडे पाठवतं. ती सांगते, की सुरुवातीला काही करू नका, पोराला विचारा, दार उघडं ठेवा. लोकांची जरा निराशाच होते. त्यांना वेळापत्रक हवं असतं. निघताना एखादी आई विचारतेच, तुम्ही केलं होतं ना चार रंगांतलं, ते आहे का हो अजून?

गेल्या महिन्यात असंच एक जोडपं येऊन गेलं आणि मायलेकी भाजी निवडत बसल्या. दुर्बिणीने इतक्या वर्षांत कधी काढला नव्हता तो विषय काढला. ते महिने तुला आठवतात का गं? बाकावर बसायचीस, मी स्वयंपाकघरात असताना काय करायचीस तू तिथे एकटी?

बिट्टीने आठवायचा प्रयत्न केला. शाळेतला वर्ग हसला होता, ते तिला स्वच्छ आठवत होतं, कोण कुठे बसलं होतं त्यासकट. आत्याकडचा चिखल आठवत होता, गार होता म्हणाली. मधलं काही नाही.

"बाक?" तिने विचारलं. "आपल्याकडे कुठे होता बाक?"

ती खोटं बोलत नव्हती. दुर्बिणीला ते कळलं, तेवढी नजर अजून शाबूत आहे. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तिला स्वतःला तर एकेक दिवस आठवत होता, एकेक तास. मग सात महिने तिथे बसलेली ती कोण होती, असं तिने त्याला विचारलं.

तो जमिनीवर पाय पसरून बसला होता. "जी होती ती गेली ना," तो म्हणाला. "चहा ठेव."

ती उठली. बाहेर बिट्टी फोनवर कोणाशी तरी मोठमोठ्याने हसत होती. दुर्बिणीने पातेलं घेतलं, पाणी मोजून ओतताना तिचा हात थांबला. घरात किती माणसं आहेत, हे क्षणभर तिला सांगता येईना. मग तिने एक कप पाणी जास्तच ओतलं.